तुम्ही विचारलंत म्हणून: धुऱ्याला काडी का लावत नाही

मार्च लागला की तोच प्रश्न येतो. धुरा (शेताचा बांध) गवतानं माजलाय, काडी लावून मोकळं का होत नाही? त्याला जोडून दुसरा: कांद्याच्या बियाण्यासाठी मधमाशाच पाहिजेत ना, मग त्यांच्या पेट्या भाड्यानं आणा की!

पेट्या आणाच. पण पेटीतली मेलिफेरा जातीची पाळीव माशी कांद्यावर मन लावून बसत नाही. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त, ते तिला आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा धने फुललेले असले की ती तिकडे निघून जाते. म्हणूनच पेट्या दहाएक टक्के फुलं उमलल्यावर आणायच्या. आधी आणल्या तर ती दुसऱ्या फुलांना लागते आणि मग कांद्याकडे वळत नाही.

फुलोरी माशीचं, म्हणजे रानातल्या छोट्या मधमाशीचं, तसं नाही. ती लहान असते, ऊन सोसते आणि कांद्यावर भरपूर येते. पण तिला पेटीत ठेवता येत नाही. झुडपाच्या फांदीवर, उघड्यावर, तळहाताएवढं एकच पोळं बांधते. वावरात झुडूप उरलंय कुठे? धुऱ्यावरच. काडी लावली की पोळंही गेलं आणि धुऱ्याच्या कोरड्या काड्यांत, पोकळ बांबूत घर करणाऱ्या पानकापू माश्यांची पिल्लंही गेली.

"धुरा चकाचक ठेवा, तणावर फुलकिडे पोसतात," म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे, हे कधीकाळी मीच सांगत होतो. ते खोटं नव्हतं, आजही नाही. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या एका बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये जे झालं, त्यानंतर ते वाक्य पूर्वीसारखं ठणकावून सांगवत नाही.

एक एकर कांदा. धुऱ्यावर आधी तणनाशक, मग काडी, म्हणजे अगदी सल्ल्याप्रमाणं. गोंडे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गुच्छ, निम्मे उमलले होते, कडेला चार पेट्या. फुलकिडे दिसले म्हणून सकाळी दहाला, माशा ऐन कामात असताना, फिप्रोनिल हे कीटकनाशक फवारलं गेलं. पेट्या हलवायला कोणी सांगितलं नाही. दुपारी सरींत माशाच माशा पडलेल्या. काही जागेवरच गोल फिरत होत्या, बहुतेकींची जीभ बाहेर आलेली. हे औषध वाळलं तरी फुलावर विषारी राहतं, त्यामुळे उरलेल्या माशाही पुढच्या दिवसांत कमी होत गेल्या.

कांद्याच्या फुलात आधी पराग सुटतो आणि मग स्त्रीकेसर तयार होतो. त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला वेळेवर मिळत नाही, दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणावाच लागतो. बोंडात तीन कप्पे, प्रत्येकात दोन, असं सहा बी धरायला हवं. काढणीला त्या प्लॉटातलं बोंड नखानं फोडलं की एखादं काळं बी, बाकी पोचट पापुद्रे. एकाच गोंड्यात काही बोंडं भरलेली, काही रिकामी. फवारणीनंतरच्या दिवसांत उमललेली फुलं तशीच गेली. नाल्याच्या बाजूच्या गोंड्यांत मात्र बी जरा बरं होतं. तिथली बोर आणि बाभळीची झुडपं आगीतून वाचली होती. त्यावरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. फवारा कदाचित त्या कडेला नीट पोचलाच नसेल.

पण पेट्या मेल्यावर कामाला येईल असं त्या वावरात दुसरं काहीच शिल्लक नव्हतं, एवढं नक्की.

आता मी सांगतो ते असं. धुऱ्याचा मीटरभर पट्टा नांगराखाली घेऊ नका, जमिनीत बीळ करणाऱ्या माश्या तिथंच असतात. गाजरगवत फुलाआधी मुळासकट उपटा. बाकी गवत पेटवण्यापेक्षा गुडघ्याएवढं ठेवून कापा, तेही एका वेळी निम्मंच. बोर, करंज, निंब तोडू नका. पानकापू माश्यांसाठी बांबूचे वीतभर तुकडे घ्या, मागच्या बाजूला गाठ, तोंड पेन्सिलीच्या जाडीचं. वीसेकांची मोळी छातीच्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून, पाऊस लागणार नाही अशी बांधा. फूल असताना फवारायचंच असेल तर माशा परतल्यावर, सूर्य मावळताना फवारा. आणि औषधाच्या लेबलावर मधमाशीबद्दल काय लिहिलंय ते दुकानातच वाचून घ्या. पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करा.

फुलकिड्यांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गोंडे येण्याआधी, फूल नसताना, धुऱ्याची कांद्याकडची बाजू कापून घेतो आणि पलीकडची राखतो. धने ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरतो म्हणजे कांदा फुलायच्या आत त्यांचं फूल संपतं. पण मग मधले दिवस फुलोरीला काय खायला? बोर तोवर झडलेली असते, निंब-करंजाला अजून वेळ असतो. एकदांडी या रानतणाची चार फुलं असतात, तेवढीच. ती मी कापत नाही, आणि शेजारी म्हणतात, याच्या धुऱ्यावर तणच तण.