तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःचं पुस्तक स्वतः विकताना संकोच नाही वाटला?

ग्रंथालयाच्या कार्यक्रमात, व्याख्यान झाल्यावर चहाच्या वेळी, कधी फोनवरही हा प्रश्न हमखास येतो. "ताई, सुरुवातीला तुम्ही पिशवीत पुस्तकं घालून दारोदार विकलीत म्हणे. कसंसंच नाही वाटलं?" विचारणारे बहुतेक जण स्वतः लिहिणारे असतात, आणि त्यांच्याही घरी पलंगाखाली गठ्ठे पडलेले असतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

संकोच वाटला तो साहित्य संमेलनात. एसटीच्या डेपोत कधीच वाटला नाही.

माझे वडील एसटीत चालक होते. पुस्तक त्यांच्यावर आहे, आणि घरचा माणूस मुक्कामी गाडीवर गेला की मागे घरात रात्र कशी जाते त्यावर. ऑक्टोबर 2016 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, स्वखर्चाने 500 प्रती छापून घेतल्या. किंमत 150 रुपये. एका वितरकांनी निम्मं कमिशन सांगितलं, हिशोब सहा महिन्यांनी. गोदाम, वाहतूक, दुकानदाराचा वाटा हे सगळं त्यातच येतं, त्यामुळे त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबरच होतं. पण छपाईला प्रतीमागे 62 रुपये गेले होते. म्हणजे माझ्या हाती राहणार 13 रुपये, तेही पुढच्या उन्हाळ्यात. शिवाय हे पुस्तक ज्यांच्याबद्दल होतं ती माणसं त्या दुकानांत जाणार कधी? तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे बहुतेक वह्या, गाइडं आणि कंपासपेट्या. मग मीच डेपोत गेले.

डेपोत कुणाला कधी थांबवायचं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ड्युटीवर निघालेल्या वाहकाला थांबवण्यात अर्थ नसतो. त्याला जवळच्या खासगी पैशांची आधी नोंद करावी लागते, आणि त्याचं लक्ष फलाटावर लागलेल्या गाडीकडे असतं. गाडी आणून, कॅश भरून जो बाहेर पडतो तो निवांत असतो. आधी आगारात रीतसर विचारायचं, मग विश्रांतीगृहाच्या दाराशी उभं राहायचं. आत लोखंडी खाटा, खुंट्यांना अडकवलेल्या पिशव्या, दोरीवर वाळत घातलेले खाकी शर्ट. मी एवढंच म्हणायचे, "माझे वडील तुमच्यातलेच. त्यांच्यावर लिहिलंय. हे एक पान वाचून बघा." खूण घातलेलं पान आई डबे भरते त्याचं होतं: संध्याकाळचा एक डबा, आणि सकाळसाठी भाकरी-चटणी वेगळ्या फडक्यात. माणूस उभ्या उभ्या, ओळीखाली बोट फिरवत ते पान वाचायचा आणि मान वर करून पहिला प्रश्न विचारायचा, "वडील कुठल्या डेपोला?"

त्या प्रश्नापुढे संकोच कसला वाटणार? डेपो सांगितला की रूट निघायचे, रूटवरून ओळखी निघायच्या. एका जुन्या चालकांनी तर माझ्या वडिलांचं नाव ऐकून खाटेवर जागा करून दिली आणि आधी चहा मागवला. पुस्तकाचं त्यांनी नंतर विचारलं.

आणि मग 8 नोव्हेंबर आला. रात्रीतून पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. एसटीत सुरुवातीला जुन्या नोटा चालत होत्या, त्यामुळे जो तो पाचशेची नोट काढून अर्ध्या तिकिटाचे पैसे द्यायला बघायचा, आणि वाहकांच्या जिवाला घोर. नंतर नवी दोन हजारांची आली, तिचे सुट्टे तर कुणाकडेच नव्हते. दीडशे रुपयांचं पुस्तक विकायला याहून वाईट महिना शोधून सापडला नसता. लोकांना पुस्तक हवं होतं, खिशात पैसेही होते, पण देण्याजोगी नोट नव्हती. पुस्तक परत देताना चेहरा पडायचा.

यावर उपाय मला वाहकांनीच दिला. सुट्टे नसले की ते तिकिटामागे बाकी लिहून देतात आणि उतरताना मागून घ्या म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. एक जण हसून म्हणाले, "ताई, आज उलटं करा. मागे आमच्या नावावर लिहा." त्या दिवसापासून मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर "येणे 150" असं लिहून खाली माझा फोन नंबर टाकू लागले. माझ्या वहीत नाव आणि डेपो. बस्स. पैसे आले ते एसटीनेच आले. आमच्या गावच्या गाडीवरचा वाहक पाकीट घेऊन यायचा, वर पाठवणाऱ्याचं नाव आणि बिल्ला क्रमांक. काही पाकिटांत दीडशेच्या जागी तीनशे असायचे आणि सोबत चिठ्ठी, "अजून एक द्या, साडूला पाहिजे." ज्यांचे आले नाहीत त्यांच्याकडे पुस्तक आहे, मला त्याचं काही वाटत नाही.

त्यानंतर फेब्रुवारी 2017 मध्ये डोंबिवलीचं 90 वं साहित्य संमेलन. एका ओळखीच्या छोट्या प्रकाशकांनी त्यांच्या टेबलाचा कोपरा मला दिला. तिथे पुस्तक हातात घेणारा आधी पाठ उलटून बघायचा आणि विचारायचा, "प्रकाशन कुठलं?" माझंच, म्हटलं की पुस्तक हळूच खाली ठेवलं जायचं. तिथे मान खाली गेली माझी. वाईट याचं वाटलं, की आत काय आहे हे कळायच्या आधीच निकाल लागायचा. खरं तर साहित्य संमेलनांची ही परंपरा सुरू झाली ती 1878 साली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना बोलावलं तेव्हा, आणि ग्रंथांचा प्रसार व्हावा हाच त्यामागचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं उभी मांडायचं सोडून डब्यांचं पान उघडं ठेवलं. 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या राज्यात एसटीशी नातं नाही असं घर विरळाच. लोक थांबायला लागले. बोलायला लागले.

समोरासमोर विकल्यामुळे मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याच वितरकाच्या हिशोबात आली नसती. पुस्तक विकत घेणारा आणि वाचणारा बहुतेकदा वेगळा असतो. डेपोतले पुरुष म्हणायचे, "मिसेसला देतो, तिचंच आहे हे सगळं." आणि आठवड्याभराने फोन यायचा तो बाईचा. कुणी मुक्कामाच्या रात्री मुलाला ताप भरला होता ते सांगायची, कुणी फक्त "दोन डबे मीही भरायचे" एवढंच बोलून गप्प व्हायची. दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकरणं वाढली ती या फोनांमुळे. अक्षरही मोठं केलं, कारण निवृत्तीला आलेले चालक पुस्तक हात लांब करून धरायचे ते मी डोळ्यांनी बघत होते.

आता पुस्तक दुकानांत मिळतं, ऑनलाइनही मिळतं. तुम्ही विचारता, मग अजून डेपोत का जाता? नवीन पुस्तक एसटीच्या महिला वाहकांवर आहे. त्यांनी वाचून, इथे चुकलंय, इथे बरोबर आहे, असं तोंडावर सांगितल्याशिवाय मी ते छापायला देणार नाही.