सायप्रिनस (कॉमन कार्प मासा), चौथी खेप: अंड्यांत डोळे दिसले!

पहाटे साडेपाचला बॅटरी आणि भिंग घेऊन टाकीवर गेलो. जलपर्णीच्या मुळ्यांवरच्या अंड्यांत दोन-दोन काळे ठिपके. डोळे! घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवले.

आधीच्या तिन्ही खेपांत दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी चढली होती. जानेवारीत तासगावची थंडी नडली असं वाटलं. फेब्रुवारीत पाणी २५ अंशांवर होतं, तरी तेच. मग एका मादीला दोन नर घेतले, पोट हलकं दाबल्यावर दुधासारखं पाणी देणारेच. तरी तेच.

चूक माझ्या मायेतच होती. माशांना तळ्यासारखं वाटावं म्हणून मी सिमेंटच्या टाकीत वीतभर गाळ घातला होता. सायप्रिनसचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. मिशांनी तळ चाचपायचा, चिखल तोंडात ओढायचा, खाण्याजोगं ठेवून बाकीचं थुंकायचं. जबड्यात दात नाहीत. किडे, शिंपले चिरडायचे ते घशातल्या दातांनी. पोटात जठरही नाही, त्यामुळे हे उकरणं दिवसभर चालतं. उडालेला गाळ चिकट अंड्यांवर बसला. अंडी गुदमरली आणि मेलेल्यांवरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरली. तिसऱ्या खेपेत पाण्यात हवा सोडणाऱ्या एरेटरजवळच्या एकाच झुबक्यातली अंडी जरा जास्त टिकली, तेव्हा हे लक्षात आलं.

या वेळी टाकी घासून धुतली, गाळ अजिबात नाही. कृष्णेतून आणलेली जलपर्णी तीनदा धुऊन पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवली, पुन्हा धुतली. संध्याकाळी नर-मादी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कापडी पेटीत, सोडले. पहाटे खळखळ झाली आणि उजाडताच तिघांना बाहेर काढलं, नाहीतर स्वतःचीच अंडी खातात. हाप्याचं कापड मात्र मिरजेहून आणलेलं घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात शिवण उसवली. मी मच्छरदाणीच दुहेरी शिवून घेतली.

पुढच्या खेपेलाही हेच करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, काथ्या का नको? त्याच्या धाग्यांत नदीचा गाळ नसतो, धुऊन पुन्हा वापरता येतो. तांबडं पाणी सुटायचं थांबेपर्यंत भिजत ठेवावा लागेल. अर्धी जलपर्णी, अर्धा काथ्या लावून बघतो. कुणी लावला असेल तर सांगा.

उद्या दुपारपर्यंत पिल्लं फुटावीत. दोन-तीन दिवस ती पोटातल्या बलकावर मुळ्यांना लटकून राहतील. तेवढ्यात त्यांच्या खाण्यासाठी शेणाचं हिरवं पाणी तयार हवं. बादली आत्ताच उन्हात ठेवून आलो.