इंजिनाचे काम कधी काढावे?

"गाडी दोन लाख किलोमीटर धावली, आता इंजिनाचे काम काढावे का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्यावर मी आधी एवढेच विचारतो, की हजार किलोमीटरमागे ऑइल किती भरावे लागते. मीटरवरच्या आकड्यावरून गाडी किती धावली ते कळते, इंजिन किती झिजले ते कळत नाही. रोज थंड इंजिनावर तीन-चार किलोमीटर जाणारी गाडी लांबच्या प्रवासात वापरलेल्या गाडीपेक्षा लवकर झिजते. हजार किलोमीटरमागे 1 लिटरच्या आसपास ऑइल जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर तपासणीला सुरुवात करावी.

आधी धूर पाहावा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व सीलचा (व्हॉल्वपाशी ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबरी सीलचा) असतो आणि तेवढ्यासाठी सगळे इंजिन खोलण्याची गरज नसते. वेग घेताना किंवा चढावर निळा धूर येतच राहिला, तर मात्र रिंगांचा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांचा, संशय घ्यावा.

पेट्रोल इंजिनात याची शहानिशा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, मोजून होते. ज्या सिलिंडरमध्ये दाब कमी भरतो, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत, फारसा वाढला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचे हेड यांमधली पट्टी) पाहावे. माझा अधिक विश्वास आहे तो सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून निसटते हे ऐकण्यावर. ऑइल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची गोष्ट वेगळी. इंजिन तापल्यावर, योग्य ग्रेडचे ऑइल असूनही, गेजवर ऑइलचा दाब पडत असेल आणि भार येताच खालून जड ठोका ऐकू येत असेल, तर गाडी तिथेच बंद करावी, कारण त्यानंतरच्या थोड्याशा प्रवासातही क्रँक कामातून जाऊ शकतो.

पण ऑइल खाणाऱ्या गाडीत सर्व सिलिंडरचा दाब सारखा आणि पुरेसा असेल, ठोका नसेल, ऑइलचा दाबही टिकून असेल, तर मी इंजिन उघडत नाही. दर आठवड्याला डिपस्टिक पाहून ऑइल भरत राहतो. मात्र जळणारे ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) हळूहळू निकामी करते, तो खर्च हिशेबात धरूनच.