सतरा नंबरच्या दारात

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून बाथला रेल्वेने दीडेक तास लागतो. तिथून रॉयल क्रेसेंट या जुन्या घरांच्या रांगेपर्यंत मात्र चढ आहे. आईच्या गुडघ्यांना जपत, थांबत थांबत आम्ही वर गेलो. वाटेत 'सर्कस' लागतं. गोल चौकाभोवती 33 घरं आणि तीन मजल्यांवर तीन तऱ्हेचे खांब. वास्तुकार थोरल्या जॉन वुडने 1754 मध्ये ते काम सुरू केलं आणि त्याच वर्षी तो गेला. धाकट्या जॉन वुडने, त्याच्या मुलाने, ते पुरं केलं. पुढचा ब्रॉक स्ट्रीट मुद्दाम साधा ठेवलाय, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंना घरांच्या सरळ रांगा, पुढे काय आहे याचा पत्ता लागत नाही. रस्ता संपतो आणि डावीकडे एकदम आभाळ मोकळं होतं, उजवीकडून सोनेरी दगडाची एक भली मोठी कोर वळत जाते.

"अगो बाई," एवढंच आई म्हणाली.

धाकट्या वुडने 1767 ते 1774 या काळात हे क्रेसेंट उभारलं. 30 घरं आहेत, पण पाहणाऱ्याला एकच राजवाडा दिसतो. तळमजला अगदी कोरा, कसलंही नक्षीकाम नाही. त्याच्या डोक्यावरून आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीची नक्षी असलेले, खांब सुरू होतात आणि दोन मजले चढून थेट छपराखालच्या पट्टीला भिडतात. असे 114 खांब. मधल्या घरापाशी ते जोडीने उभे आहेत. मला तो कोरा तळमजलाच जास्त आवडला. तो इतका शांत आहे म्हणूनच वरचे खांब भारी वाटत नाहीत.

भिंतीला हात लावून पाहिला. बाथचा दगड म्हणजे चुनखडी, आसपासच्या डोंगरांतल्या खाणींतली. अगदी जवळून पाहिलं तर राजगिऱ्याच्या वडीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. हा दगड कुठल्याही बाजूने सुबक कापता येतो. एवढ्या लांबीची वळती भिंत इतकी नितळ दिसते, त्यात या गुणाचा वाटा मोठा आहे.

खरी गंमत मागच्या गल्लीत आहे, आणि बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतच नाहीत. वुडने फक्त दर्शनी भाग आखला. लोकांनी त्या भिंतीची आपापल्या वाट्याची लांबी विकत घेतली आणि मागे आपापला कारागीर लावून हवं तसं घर बांधलं. त्यामुळे मागून पाहिलं तर कुणाचं घर पुढे आलेलं, कुणाचं आत गेलेलं, छपरं खालीवर, नळ भिंतीवरून कसेही धावताहेत. समोर सगळ्यांचं मिळून एक रूप आणि मागे ज्याचा त्याचा संसार. शेजाऱ्यांनी नुसती एक भिंत सांभाळायचं कबूल केलं, तर अडीचशे वर्षं टिकणारं असं काही उभं राहतं, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

समोरचं ते एक रूपही अगदी तंतोतंत नाही. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच घरमालकांनी खिडक्या खाली वाढवून घेतल्या. एक नंबरच्या घरात आता संग्रहालय आहे, तिथे त्या पुन्हा मूळ मापाच्या केल्यात. बावीस नंबरचं दार पिवळं आहे. 1970 च्या दशकात मालकिणीने ते रंगवलं, नगरपालिकेने पांढरं करा म्हणून नोटीस काढली, बाई लढल्या आणि पिवळा रंग राहिला. बरं झालं.

समोरच्या हिरवळीवर बसून आईने डबा उघडला. रहिवाशांची वरची हिरवळ आणि सगळ्यांसाठीची खालची, यांच्यामध्ये खोलगट चर आहे आणि चराच्या आत भिंत दडवलीय. तिला 'हा-हा' म्हणतात. घरातून पाहणाऱ्याला कुंपण दिसतच नाही, गवत सलग उतरत गेल्यासारखं वाटतं.

मग आम्ही सतरा नंबरकडे गेलो. आईला इथवर आणलं होतं ते याच दारासाठी. दारापाशी सर आयझॅक पिटमन यांच्या नावाची पाटी आहे. पिटमन शॉर्टहँडचे जनक, 1897 मध्ये याच घरात वारले. आईने दादरला संध्याकाळच्या क्लासात पिटमन शिकून मिनिटाला शंभर शब्दांचा स्पीड काढला होता. त्या पेन्सिलीवर आमचं घर बत्तीस वर्षं चाललं. एप्रिल 1942 च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात दोन आणि सतरा ही घरं आगीने आतून जळून गेली, हे मी तिला सांगितलं. ती मान वर करून खांब बघत राहिली. शेजारच्या घरापासून ते जराही वेगळे काढता येत नाहीत.

"वही दे गं," ती म्हणाली. उभ्या उभ्याच तिने एक जाड तिरकी रेघ ओढली, तिला जोडून एक बारीक बाक काढला आणि बाजूला एक ठिपका दिला.

"बाथ," तिने वाचून दाखवलं.