नॉर्थ शोअर अपडेट: फ्रॉग आणि पोलचं एकदाचं जमलं

पोल गेला! सुटला नाही, गेला. (पोल म्हणजे मॉडेल गाडीच्या टपावरचा, वरच्या तारेतून करंट घेणारा दांडा; फ्रॉग म्हणजे ती तार जिथे दोन फाट्यांत फुटते तिथली धातूची प्लेट.) फ्रॉगमधून डावीकडच्या फाट्यावर, अख्ख्या इलेक्ट्रोलायनर गाडीसकट, आणि तार जागची हललीसुद्धा नाही. गाडी उचलून मागे ठेवली, सरळ लाइनवर सोडली, तिथेही गेला. मग दुसरी गाडी, सिल्व्हरलायनर, काढला, कारण खरा नाठाळ तोच, आणि तोही गेला तेव्हा बेसमेंटमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की वरून बायकोने विचारलं, भाजलं का कुठे. (सोल्डरिंग आयर्नचा आमच्या घरात पूर्वेतिहास आहे.)

जे मधूनच वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी: एचओ स्केल (१:८७ मॉडेल), शिकागो नॉर्थ शोअर अँड मिलवॉकी (अमेरिकेतली शिकागो-मिलवॉकी विजेची रेल्वे), काळ १९५० च्या दशकाचा शेवट, मॉड्यूल (शोमध्ये नेता येणारा मॉडेलचा तुकडा) मिलवॉकीच्या रस्त्यातल्या लाइनच्या धर्तीवर, आणि तार जिवंत. म्हणजे करंट खरोखर तारेतून येतो आणि दोन्ही रुळांतून परत जातो. पोल सुटला की गाडी जागच्या जागी उभी. "रुळातूनच पॉवर घे ना, पोल नुसता शोभेला ठेव" असं सांगणारे बरेच भेटतात, त्यांना माझा दंडवत. इंटरअर्बन (शहरं जोडणारी विजेची गाडी) करायची आणि तार खोटी ठेवायची, मग डिझेलच करावं की.

तर डिसेंबरच्या शोमध्ये काय झालं ते सांगतो. घरी इलेक्ट्रोलायनर फ्रॉगवरून बरा जात होता. शनिवारी सकाळी हॉलमध्ये मांडामांड झाली, तेव्हाही ठीक. दुपारी गर्दी झाली, हॉल तापला, आणि पोलने जे सुटायला सुरुवात केली ते संध्याकाळपर्यंत. प्रत्येक वेळी हात आत घालून पोल परत तारेवर बसवायचा आणि लोकांकडे बघून हसायचं. एक आजोबा बराच वेळ बघत होते, ते म्हणाले की खऱ्या गाडीतही कंडक्टर मागे जाऊन दोरी ओढून हेच करायचा, तेव्हा तुझं मॉडेल एकदम अस्सल आहे. त्यांचं मन मोठं, पण मला काही ते पटेना.

घोडं कुठे पेंड खातंय हे शोधायला जानेवारी गेला. पहिला संशय शूवर (पोलच्या टोकाचा, तारेवर घसरणारा खाचेचा तुकडा), मग स्प्रिंगवर, मग मॉड्यूलच्या जोडावर. स्प्रिंगमध्ये थोडं तथ्य निघालं. हा ब्रासचा इलेक्ट्रोलायनर ऑनलाइन लिलावातून घेतलेला, विकणाऱ्याने "कधीच चालवलेला नाही" असं अभिमानाने लिहिलं होतं, आणि का चालवला नसेल ते पोल वर केल्यावर कळलं, तार धनुष्यासारखी वर उचलली जायची. गाडी उलटी धरून, तारेच्या उंचीवर पोल दाबला जाईल अशा बेताने शू सोनाराच्या छोट्या काट्यावर टेकवला की जोर सरळ ग्रॅममध्ये दिसतो. माझ्याकडे ८ ते १० ग्रॅमला सगळं सुखाने चालतं, इथे २५ च्या वर होता. काटा स्वस्तात मिळतो, प्रत्येकाने घ्यावा, त्याच्याआधी कुठलंही महागडं टूल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण स्प्रिंग बदलूनही दहातले तीन-चार वेळा पोल चुकीच्या फाट्यावर जायचा. शेवटी फोन फ्रॉगच्या खाली रुळावर ठेवला, कॅमेरा वर, स्लो मोशन, आणि गाडी हाताने पुढे ढकलली. तेव्हा दिसलं. शूची खाच तारेवरून सुटून फ्रॉगच्या प्लेटखाली येते, तिथे क्षणभर तिला कुणाचाच आधार नसतो, आणि पोल तर सतत वर ढकलतोय, त्यामुळे शू निमूटपणे जी बाजू उंच असेल तिकडे सरकतो. माझी प्लेट उजवीकडे जेमतेम केसभर वर होती. बस, तेवढंच. प्लेटच्या कडा कितीही घासा, ओठ कितीही वळवा, प्लेट कललेली असेल तर सगळं पाण्यात.

आता ती का कलते? फ्रॉगला एका बाजूने एक तार, दुसऱ्या बाजूने दोन. फाट्याची तार तिरकी ओढते. थंडीत गाडीच्या डिकीत मॉड्यूल गारठलं की तार आखडते, खांब आत ओढले जातात, सोल्डर किंचित सरकतो, आणि हॉलमध्ये गरम झालं की तीच तार ढिली. हिशोब करून बघा: १.२ मीटर फॉस्फर ब्राँझ, २५ अंशांचा फरक, लांबीत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा बदल होतो. आपल्या स्केलला हे फार झालं. ढिल्या तारांत फ्रॉग लोंबकळतो आणि ज्या तारेत ताण उरलाय तिच्याकडे कलतो. खऱ्या लाइनवरही उन्हाळ्यात तार सैल पडतेच, आपल्याकडे रेल्वेच्या ओव्हरहेडला खांबांवर जी वजनं लटकवलेली दिसतात ती त्यासाठीच.

उपाय दोन केले. फ्रॉगला तिरक्या ओढीच्या विरुद्ध बाजूच्या खांबापासून वेगळी बॅक गाय (मागे ओढून धरणारी तार) दिली, तार ज्या पातळीवर जोडलीय त्याच पातळीवर, वर नाही खाली नाही, म्हणजे पीळ पडत नाही. आणि तारेच्या टोकाला, मॉड्यूलच्या कडेच्या शेवटच्या खांबामागे, बॉलपेनची स्प्रिंग. दिसू नये म्हणून तिच्यापुढे जाहिरातीचा बोर्ड उभा केलाय.

तरी सिल्व्हरलायनर ऐकत नव्हता. त्याचं कारण वेगळं निघालं: फ्रॉग मी इलेक्ट्रोलायनरवरून बसवला होता. गाडीचं नाक सांध्यावर (रूळ जिथे फाटतात तिथे) वळलं तरी मागचा पोल अजून जुन्याच दिशेत असतो, डबा पुरेसा वळेपर्यंत पोलला फाट्याची बातमीच नसते, म्हणून फ्रॉग सांध्याच्या बराच पुढे लागतो, आणि किती पुढे ते डब्याची लांबी आणि पोलचा तळ ट्रकपासून (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यापासून) किती अंतरावर आहे यावर ठरतं. चार भागांचा सांधेजोड इलेक्ट्रोलायनर (खरा १५५ फूट, आपला साधारण ५४ सेंटिमीटर) एका पद्धतीने वळतो, एकसंध डब्याचा सिल्व्हरलायनर दुसऱ्या. मधली जागा अशी काढली: दोन्ही गाड्यांच्या पोलला शूच्या जागी पेन्सिलचं शिसं लावलं, तारेच्या उंचीवर कार्डबोर्ड धरला, आणि दोघांच्या रेघा काढून घेतल्या. दोन्ही रेघा सरळ लाइनपासून जिथे पुरेशा फुटतात तिथे फ्रॉग. सांध्यापासून मोजायच्या कोष्टकांचा नाद मी आता सोडलाय.

तार ०.०१५ इंचाचीच ठेवलीय. खऱ्या मापात उतरवली तर ०.१४ मिलिमीटरच्या आसपास येते, दिसायला स्वर्ग, पण शोमध्ये एखाद्या पोराचं बोट लागलं की संपलं.

बाकी किरकोळ. रस्त्याचं दगडी पेव्हिंग एका बाजूचं पूर्ण, रुळालगतची फट एवढी बारीक आलीय की चाकाच्या फ्लँजला (आतल्या कडेला) जेमतेम वाट आहे, आणि तरीही काही घासत नाही, रोज एकदा उगाच बघून येतो. सिल्व्हरलायनरच्या बाजूंवरची स्टेनलेस स्टीलची सावली मात्र अजून जमली नाही. मूळ गाडीवर स्टेनलेसचे पन्हाळी पत्रे नव्हतेच, सपाट साध्या पत्र्यावर रंगाने केलेली नक्कल होती, आता नकलेची नक्कल करताना नाकी नऊ येतायत.

पुढचा बेत होता रस्त्यातलं दुसरं वळण, म्हणजे अजून एक फ्रॉग. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की ते राहू दे. शिकागोत एलच्या (शहरातल्या उंचावरच्या रेल्वेच्या) लाइनवर नॉर्थ शोअर थर्ड रेलवर (रुळांशेजारच्या वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळावर) चालायची, तिथे पोल खाली घेऊन बांधायचे. मग तो बदलच मॉड्यूलवर का दाखवू नये? गाडी थांबते, मी काडीने पोल खाली करून हुकात अडकवतो, गाडीच्या बाजूचे खालचे शू थर्ड रेलला लागतात, गाडी पुढे. लोक त्यासाठीच थांबतील. शिवाय एलचं ९० फूट त्रिज्येचं वळण एचओत ३१ सेंटिमीटरच्या थोडं वर बसतं, इलेक्ट्रोलायनरला आर्टिक्युलेशन (सांधेजोड) दिलंच होतं अशा वळणांसाठी, तेव्हा तो पुरावाही देता येईल. ओव्हरहेड अर्ध्यावर संपवायचा म्हणजे खर्च पण कमी.

आणि थर्ड रेल जमलाच तर शिकागो अरोरा अँड एल्जिन (तिथलीच दुसरी विजेची रेल्वे) पण सुरू करता येईल, बहुतेक सगळी थर्ड रेलवरच. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी पॅसेंजर सेवा बंद केली आणि सकाळी शिकागोला गेलेल्या लोकांना परत यायला गाडीच नाही, असं स्टेशन मॉड्यूलवर मांडायचं: प्लॅटफॉर्मवर माणसं, गाडी नाही. हे म्हणजे सर्वात कमी मेहनतीचं मॉड्यूल.

थर्ड रेलचे इन्सुलेटर कुणी ३डी प्रिंट केलेत का? मी छापले ते रेझिनचे ठिसूळ निघाले, रेल खाचेत दाबताच तुटतात. नायलॉनमध्ये कुणी केले असतील तर फाइल आणि खाचेचं माप पाठवा, शूची उंची त्यावरच ठरेल.