टिंबाच्या उजवीकडे

कोल्हापुरात आकडा वाचताना टिंबाच्या डावीकडे सहसा कुणी चुकत नाही. घोळ होतो तो उजवीकडे, कारण तिथं दर वेळी दशांशच असतो असं नाही. कुठं तो बाराला भरतो, कुठं चाळीसला.

जमिनीपासूनच बघा. जुन्या वाटणीपत्रात 1.20 लिहिलं असेल तर ते 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण 40 गुंठ्यांचा एकर. कॅल्क्युलेटरवर तसंच ठोकलं की त्याचे 1.2 एकर होतात, म्हणजे 48 गुंठे. बारा गुंठे जागच्या जागी गायब! बेरजेतही तेच. 1.25 आणि 0.30 मिळून 1.55 होत नाहीत. 25 आणि 30 झाले 55, त्यातले 40 एकराला चढवायचे, उरले 15. उत्तर 2 एकर 15 गुंठे. बोलताना ही भानगड होतच नाही, कारण सव्वा म्हणजे वर 10 गुंठे, दीड म्हणजे 20 आणि पावणेदोन म्हणजे 30, हे बांधावर सगळ्यांना पाठ असतं. चूक कागदावर होते, आणि आता मोबाईलवर.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथं टिंब सरळ वागतं, 100 आरचा एक हेक्टर. पण बोलताना आरला सर्रास गुंठा म्हणतात आणि 0.40.00 (हेक्टर, आर, चौरस मीटर) दिसलं की एकर धरून मोकळे होतात. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. एका गुंठ्यामागे तेराएक फुटांचा फरक किरकोळ वाटतो, पण एकराला तो 504 चौरस फुटांवर जातो, जवळजवळ अर्धा गुंठा. शेतात ऊस उभा आहे तोवर कुणी विचारत नाही. बिनशेती होऊन चौरस फुटाचा दर लागला की तोच अर्धा गुंठा भावाभावांत भांडण लावतो. पुरता एकर हवा असेल तर उताऱ्यावर 0.40.47 दिसलं पाहिजे.

कागद कुठल्या मापातला आहे ते कळत नसेल तर टिंबापुढचा आकडा बघायचा. तो 39 च्या वर असेल तर गुंठे असणं शक्यच नाही, ते आर. खाली असेल तर दोन्ही शक्यता उरतात. मग रकान्याचं शीर्षक वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही.

गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, जुन्या पावतीवर ‘5 तोळे 6 मासे’ असेल तर ते साडेपाच तोळे, कारण 12 माशांचा तोळा. शिवाय तो तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एकूण सुमारे 64 ग्रॅम. आजचा तोळा 10 ग्रॅमचा धरतात, त्या हिशेबानं तोच ऐवज 6.4 तोळे होतो. सोनं वाढलेलं नसतं.

पावसाळ्यात मात्र सगळं गाव आकडे वाचतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचात मोजतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. मेसेज फिरतो तो ‘39.6’ असा. हे साडेएकोणचाळीस फूट, कारण 6 म्हणजे सहा इंच. खरी गंमत दहाच्या पुढं. 39.10 म्हणजे 39 फूट 10 इंच, पण एक्सेलमध्ये टाकलं की शेवटचा शून्य उडतो आणि 39.1 उरतं, म्हणजे वाचणाऱ्याला एक इंच. नऊ इंच पाणी नुसत्या टायपिंगनं उतरलं! वजाबाकीही फसवी. सकाळी 38.11 आणि दुपारी 39.1 असेल तर फूटभर चढ वाटतो. प्रत्यक्षात पाणी दोनच इंच वाढलेलं असतं. तक्ता ठेवायचाच असेल तर सगळं इंचात ठेवा: 39 फूट 10 इंच म्हणजे 39 गुणिले 12 अधिक 10, एकूण 478. इशारा 468, धोका 516. मग वजाबाकी कुठंही चुकत नाही.

त्याच मेसेजात खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी असते, 519.60 अशी. ते मीटर, आणि तिथं 60 म्हणजे खरोखर साठ सेंटिमीटर. शिवाय तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा, तर बंधाऱ्यावरचे फूट तिथल्या पट्टीवरचे. दोन्ही शेजारी मांडून कोण किती वर, हे काढायला जाऊ नका.