वसुबारस आणि भांडीबाजार

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५. रात्रीचे साडेदहा.

धनत्रयोदशीला भांडीबाजारात उभं राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून आज दुपारीच सासूबाईंना घेऊन जाऊन आले. रविवार कारंजावर रिक्षा सोडली आणि पुढे आईंचा हात धरून चालत. पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे ढीग, लाह्या-बत्ताशांच्या गाड्या यांतून वाट काढत सराफ बाजारात आलो. सरकारवाड्यापाशी आई थांबल्या. त्यांना आता समोरचं धड दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी पायरी कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं आणि म्हणाल्या, "एकोणसत्तरला इथे पाणी होतं बघ."

नाशिकच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पूर असा मधेच येतो. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला, सरकारवाड्याच्या किती पायऱ्या पाण्यात गेल्या, ही आमची मापं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरी याच गल्ल्यांत शिरली होती, ते मी स्वतः पाहिलंय. दुकानदार माल वर चढवतात, पाणी ओसरलं की गाळ उपसतात आणि दिवाळीला पुन्हा दुकान मांडून बसतात. या बाजाराबद्दल मला जी माया वाटते, तिच्यात या चिवटपणाचा वाटा मोठा आहे.

भांड्यांचं दुकान बाहेरून अरुंद आणि आत लांबच लांब. छताला कळश्या टांगलेल्या, खाली परातींची चळत, भिंतीला समया, पंचपाळी, ताम्हणं. दाराशी टोपलीभर तांब्याचे छोटे गडू. रामकुंडावर येणारे यात्रेकरू त्यांतून गंगा घरी नेतात. गंगा म्हणजे गोदावरीच; नाशकात कुणी 'गोदावरीवर जाऊन येतो' म्हणत नाही, गंगेवर जातो. आत शिरलं की रस्त्यावरचा गोंगाट मागे पडतो आणि भांड्याला भांडं लागल्याचा आवाज तेवढा राहतो.

आम्हाला हवं होतं घंगाळ, अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं मोठं भांडं. मुलीने यंदा पुण्यात स्वतःचं घर घेतलं, त्यासाठी आजीकडून. दुकानातल्या मुलाने तीन घंगाळं पुढ्यात ठेवली. माझं लक्ष सगळ्यात चकचकीत होतं त्याच्यावर गेलं. आईंनी मात्र खाली बसकण मारली आणि एकेक घंगाळ मांडीशी ओढून घेतलं. आधी काठावरून अंगठा फिरवला, पूर्ण गोल. मग बाहेरच्या अंगाचा मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खळ्या, चाचपला. मग दोन्ही कड्या धरून हिसडा दिला. शेवटी बोटाचं पेर वाकवून एक टिचकी.

पहिलं घंगाळ बद्द वाजलं. आईंनी ते काही न बोलता बाजूला सारलं. मुलाने उचलून उजेडात नेलं, तेव्हा कडीच्या रिव्हेटपाशी केसाएवढी चीर निघाली. दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून आले. "आजी, तुम्ही तांबट आळीतल्या का?" नाही म्हणाल्या, येवल्याची आहे, पण साठ वर्षं भांडी घासलीयेत.

दुसरं, माझं चकचकीतवालं, त्यांना पसंत पडलं नाही. खळ्या सगळ्या सारख्या लागतात, म्हणाल्या, मशीनचं आहे. ते होतंही मशीनचंच. तांब्याचा पत्रा तापवून लाल केला की मऊ पडतो, म्हणून त्याला आकार देता येतो. पण तसंच मऊ राहिलेलं भांडं पहिल्या आपटीला चेपतं. त्यावर हातोडीचे ठोके ओळीने घालत गेलं की धातू कडक होतो. मठार शोभेसाठी असतो असं आपल्याला वाटतं, पण मुळात ती भांड्याची ताकद आहे. हाताने घातलेल्या ठोक्यांत एखादी खळी जरा खोल, एखादी तिरपी येतेच. तिसऱ्या घंगाळावर आईंचा अंगठा तशा एका तिरप्या खळीवर थांबला आणि सौदा तिथेच ठरला.

वजन साडेतीन किलोच्या वर भरलं. तांब्याचा दर, वर मजुरी. मला हा हिशेब फार आवडतो. उद्या कधी मोडीत द्यायची वेळ आली तरी तांब्याचे पैसे उभे राहतात, जाते ती फक्त मजुरी. आणि मजुरीत घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. दिवसभर ठोके घालून माणसाचे कान जातात, खांदे जातात. आई घासाघीस करतातच, पण आज त्यांनीही दरावरच केली.

नाव घालायला दिलं तेव्हा कोपऱ्यातल्या मोडीच्या ढिगाकडे माझं लक्ष गेलं. चेपलेले हंडे, बूड गेलेल्या तपेल्या. जवळजवळ प्रत्येकावर नाव. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, पूर्वी छिन्नीने घालायचे तसं. 'चि. सौ. कां.' पुढे मुलीचं नाव, 'हिस मामाकडून', खाली लग्नाची तारीख. एका परातीवर मुलीचं नावच नव्हतं, फक्त सासरच्या घराण्याचं. मी ती नावं एकामागून एक वाचत राहिले. आई म्हणाल्या, मोठ्याने वाच. वाचली.

मग त्यांनी ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. आमच्या देवघरात पितळेची जी कळशी आहे, तिच्यावरचं नाव कुणा आत्याबित्याचं असेल असं मी धरून चालले होते. ते आईंचंच आहे, माहेरचं. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने त्यांना हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही. "कळशीवर आहे म्हणून मला आठवतं," एवढंच म्हणाल्या.

मशीन घेऊन बसलेल्या काकांनी विचारलं, काय घालू? सौ. की कु.? आडनाव? कुणाकडून? आई म्हणाल्या, "नुसतं तिचं नाव. आणि साल." काका म्हणाले, आजी, देणाऱ्याचं नाव घालतात. त्यांनी मान हलवली. नको. काकांनी मुलीचं नाव नि २०२५ एवढंच कोरलं, काठाखाली, कडीच्या डाव्या बाजूला. आईंनी त्यावरूनही अंगठा फिरवला आणि दुसरं अक्षर उथळ लागतंय म्हणाल्या. काकांनी कुरकुर न करता पुन्हा मशीन फिरवलं.

भांडं घरात यायचं ते धनत्रयोदशीलाच, म्हणून ते दुकानातच ठेवून आलो. उद्या संध्याकाळी मुलगी पुण्याहून आली की तिने स्वतः जाऊन आणायचं. दर आजचाच लागेल, उद्याचा नाही, हे आईंनी मालकांकडून दोनदा वदवून घेतलंय. सोमवारी नरकचतुर्दशीला तिची पहिली अंघोळ त्यात, इथेच नाशकात, मग घंगाळ पुण्याला. उटणं आणून ठेवलंय. बंब अजून माळ्यावर आहे, तो उद्या सकाळी काढून चिंच-मिठाने घासायचा.